कहाणी सत्यम कंपनीची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला चिटणीसबाईंनी मला सांगितले आणि विषय तुमच्या आवडीचा घ्या म्हणाल्या. मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. कोणी मुलांच्या आहारावर बोलणार, कोणी तुळशीच्या गुणांवर, आणि ही बाई हैदराबादच्या एका कंपनीच्या प्रमुखाविषयी बोलणार! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शेअरबाजार मला कळतो असे मी म्हणणार नाही. परंतु ही हकिकत समजून घेताना माझ्या ध्यानात आले की, तिच्यात कळायला अवघड असे फार थोडे आहे. घरखर्चाची वही जिने चार वर्षे लिहिली असेल तिला ती पुरती कळावी. मला जशी समजली तशी सांगते.

कंपनीचे नाव सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस. ती काढणारे आणि चालवणारे गृहस्थ म्हणजे बी. रामलिंग राजू. जन्म १९५४ चा, मूळचे आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले, भीमवरमकडचे. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळण्याआधी जिथे फाटे फोडते, तो हा भाताचा सुपीक मुलूख. घराणे शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. राजू विजयवाड्याला बी. कॉम. झाले, मग अमेरिकेत ओहायो विद्यापीठात व्यवस्थापन शिकले आणि १९७७ मध्ये परत आले. तिकडे गेलेली मुले तिकडचीच होतात अशी आपली तक्रार असते. हे परत आले, एवढे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. आधी त्यांनी सूतगिरणी काढून पाहिली, बांधकामाचा धंदा केला. त्यानंतर १९८७ मध्ये भाऊ रामा राजू ह्यांना बरोबर घेऊन हैदराबादेस ही कॉम्प्युटरची कंपनी सुरू केली. माणसे जेमतेम वीस.

कंपनी काय करीत असे, हे आधी सांगते. परदेशातल्या कारखान्यांचे आणि बँकांचे कॉम्प्युटरवरचे काम आपल्याकडे बसून करून द्यायचे. तिकडच्यापेक्षा इकडे मजुरी स्वस्त, आणि आपली मुले गणिताला हुशार. ट्रॅक्टर बनवणारी जॉन डिअर ही अमेरिकन कंपनी त्यांच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी होती. पुढे १९९९ साल उलटून २००० येणार तेव्हा जगभर एक धांदल उडाली. जुन्या कॉम्प्युटरांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची पद्धत होती, त्यामुळे दोन शून्ये आली की यंत्राला ते १९०० साल वाटेल अशी भीती. ते दुरुस्त करण्याचे काम भारतातल्या कंपन्यांना भरपूर मिळाले आणि सत्यमलाही मिळाले. २००१ मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जाऊ लागले. २००८ पर्यंत नोकरांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. २०१० च्या फुटबॉलच्या विश्वचषकाचे कॉम्प्युटरचे कामसुद्धा ह्याच कंपनीला मिळाले होते. कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या कंपन्यांची जी देशातली संघटना आहे, नॅसकॉम, तिचे राजू अध्यक्ष झाले.

आणि माणूस नुसता पैशाच्या मागे लागलेला होता असेही नाही. स्वभावाने शांत, हळू बोलणारे. वडिलांच्या स्मरणार्थ बिर्राजू फाउंडेशन काढून त्यांनी खेड्यांतून पाणी, शाळा, दवाखाने अशी कामे केली. २००५ मध्ये आंध्रात १०८ नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली, ती त्यांनीच काढलेल्या संस्थेने. आपल्या महाराष्ट्रात १०८ ची गाडी २०१४ मध्ये आली, ती चालवणारे वेगळे. पण त्या नंबरची वाट पहिल्यांदा तिकडे पडली. त्या गाडीने अडलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात पोचल्या असतील, त्यांच्या घरच्यांना राजू कोण म्हणून विचारा, ते काय सांगतील? म्हणून मी त्यांचा उल्लेख अहोजाहोनेच करणार आहे. वाईट माणसाने वाईट केले असते तर ह्या गोष्टीत सांगण्यासारखे काही नव्हते.

आता खोट कशी झाली ते. हे मी माझ्या पद्धतीने सांगते, कारण आकड्यांच्या भाषेत ते डोक्यावरून जाते.

समजा एक जोडपे शहरात आहे आणि सासूबाई गावी. मुलाचा पगार वीस हजार. शेजारणीच्या मुलाला बावीस मिळतात, म्हणून सूनबाई फोनवर सांगतात की आमचेही बावीस झाले. सासूबाई खूष, गावभर सांगून येतात. पण पगार बावीस आणि खर्च वीसचाच, तर वरचे दोन हजार आहेत कुठे? सूनबाई म्हणतात, बँकेत ठेव केली. दर महिन्याला दोन हजारांची ठेव वाढत जाते, बोलण्यात. ठेव म्हटली की व्याज आले, तेही सांगावे लागते. पुढल्या वर्षी शेजारणीच्या मुलाला बढती मिळते, मग इकडेही पंचवीस होतात. पाच वर्षांनी घरात एक रुपया जास्त आलेला नसतो आणि सासूबाईंच्या मनात मुलाची दोनतीन लाखांची ठेव असते. मग नणंदेचे लग्न ठरते.

सत्यमचे झाले ते हेच, फक्त शून्ये जास्त. कंपनी खरोखर काम करीत होती, खरोखर पैसे मिळवीत होती. नुसते हवेतले दुकान नव्हते ते. परंतु दर तीन महिन्यांनी बाजाराला नफ्याचा आकडा सांगावा लागतो, आणि तो आकडा इतर मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीचा दिसला पाहिजे. तो थोडा कमी पडला तेव्हा थोडा वाढवून सांगितला. वाढवून सांगायचा तर त्याला बिले पाहिजेत, म्हणून गिऱ्हाइकांच्या नावाने खोटी बिले केली. तपासात अशी साडेसात हजारांच्या वर बिले निघाली. ती कॉम्प्युटरमध्ये अशा खुणेने घातलेली की, प्रत्यक्ष काम करणाऱ्या खात्यातल्या माणसांना ती दिसू नयेत, फक्त हिशेबाच्या बेरजेत यावीत. बिल झाले म्हणजे पैसा आला, आला तर तो बँकेत दिसला पाहिजे. म्हणून खोट्या ठेवपावत्या आणि बँकेचे खोटे उतारे. ठेवीवर व्याज पाहिजे, म्हणून तेही वहीत. पहिल्या लबाडीला एक कागद लागला असेल, तिला सांभाळायला दर महिन्याला गठ्ठा लागू लागला. नसलेल्या मिळकतीवर प्राप्तिकर लागावा की नाही हा वाद तर कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेल्यावरही कित्येक वर्षे चालला होता. मला ते वाचून हसू आले, मग हसावे की नाही ते कळेना.

राजूंना ह्यातून काय मिळाले? त्यांनी स्वतः नंतर लिहिले की, मी किंवा माझ्या भावाने ह्यातून एक रुपयाही घेतला नाही. हे वाचून पुष्कळांना त्यांची कीव आली होती. पण कंपनीचा नफा मोठा दिसला की शेअरची किंमत वाढते, आणि ज्या वर्षांत हिशेब खोटे होते त्याच वर्षांत राजू घराण्याने आपले पुष्कळसे शेअर विकले आणि गहाण टाकले. २००१ च्या सुमारास त्यांच्याकडे कंपनीचा चौथा हिस्सा होता, २००८ मध्ये तो शंभरात आठनऊवर आला. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये निकाल दिला तेव्हा राजू आणि त्यांच्या संबंधितांनी गैरमार्गाने मिळवलेली रक्कम १,८४९ कोटी रुपये ठरवली, ती व्याजासह भरायला सांगितली आणि चौदा वर्षे बाजारात पाय ठेवायचा नाही असे बजावले. घराण्याच्या इतर कंपन्यांनी हैदराबादच्या आसपास जमिनी घेतल्या होत्या. ‘घेतले नाही’ ह्या शब्दाचे पुष्कळ अर्थ होतात, बायांनो.

त्या जमिनींच्या आणि बांधकामाच्या कंपन्यांचे नाव होते मेटास. इंग्रजीत सत्यमची अक्षरे उलटीकडून वाचली की मेटास होते. नावातच सांगून ठेवले होते म्हणायचे! ह्या कंपन्या राजूंच्या मुलांच्या हाती होत्या. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने ठराव केला की, सत्यमने सुमारे १६० कोटी डॉलर देऊन मेटास विकत घ्यावी.

आता आपल्या सूनबाईंकडे वळा. लग्नासाठी ठेव मोडा असे सासूबाई म्हणत आहेत. सूनबाई काय म्हणतात? ती ठेव मोडून मी माझ्या भावाची जमीन घेतली, हे बघा सातबारा. जमीन खरी आहे, कागद खरा आहे, आणि नसलेली ठेव कोणाला न कळता नाहीशी झाली! युक्ती अशी होती. मेटासचे पैसे द्यायचे ते मुलांनाच. ते मागतील तेव्हा मागतील.

पण भागधारक खवळले. कॉम्प्युटरच्या कंपनीने मालकाच्या मुलांच्या जमिनी का घ्याव्यात, असे त्यांनी विचारले. न्यूयॉर्कला शेअरची किंमत एका दिवसात निम्म्याखाली गेली आणि राजूंना रातोरात तो ठराव मागे घ्यावा लागला. लगोलग बातमी आली की जागतिक बँकेने सत्यमला आठ वर्षे आपले काम द्यायचे नाही असे ठरवले आहे. गहाण पडलेले शेअर सावकारांनी विकायला काढले.

७ जानेवारी २००९ रोजी सकाळी राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून सगळे सांगितले. त्यातले आकडे मी वहीत उतरून आणले आहेत. बँकेत आणि हातात शिल्लक म्हणून वहीत होते ५,३६१ कोटी रुपये. त्यांपैकी ५,०४० कोटी मुळात नव्हतेच. म्हणजे शंभर रुपये आहेत म्हणून डबा उघडावा आणि आत सहा निघावेत. व्याजाचे ३७६ कोटी दाखवले होते, ते नव्हते. १,२३० कोटींचे देणे होते, ते वहीत नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तीन महिन्यांत धंद्यातला नफा ६४९ कोटी सांगितला होता, खरा होता ६१ कोटी. त्यांनी लिहिले की सुरुवातीला फरक थोडा होता, तो भरून काढू असे वाटत होते, पण धंदा वाढत गेला तसा तोही वाढत गेला. वाघावर बसल्यासारखे झाले होते, उतरावे तर तो खाणार आणि उतरायचे कसे ते ठाऊक नाही, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत आले.

ते वाक्य ऐकून लोक वाहवा करतात, मी करणार नाही. वाघावर ते एकटे बसले नव्हते. मागे पन्नास हजार नोकर होते, त्यांची घरे होती, घराचे हप्ते होते. ज्यांनी निवृत्तीचे पैसे शेअरांत घातले ते म्हातारे होते. आपल्या आयुर्विमा महामंडळाकडेही सत्यमचे शेअर होते. त्यांना कोणालाही आपण कशावर बसलो आहोत हे सांगितलेले नव्हते. त्या एका दिवसात मुंबईच्या बाजारात शेअरची किंमत तीन चतुर्थांशाहून अधिक उतरली. आदल्या मे महिन्यात जो शेअर पाचशेच्या वर होता तो चाळीस रुपयांच्या आसपास आला. दोन दिवसांनी राजू आणि त्यांचे बंधू ह्यांना अटक झाली.

आता ज्या भागासाठी मी हा विषय घेतला तो भाग.

कंपनीचे हिशेब तपासणारे होते की नव्हते? होते. साधेसुधे नव्हते, जगात ज्यांचे नाव आहे अशा प्राइस वॉटरहाउसच्या पेढीचे होते, आणि वर्षानुवर्षे तेच तपासत होते. मग पाच हजार कोटी बँकेत नाहीत हे त्यांना कळले कसे नाही? ह्याचे उत्तर अमेरिकेच्या बाजारनियंत्रकांनी २०११ मध्ये दिले आणि त्या पेढीला ६० लाख डॉलर दंड केला. हिशेबतपासनिसाने बँकेला स्वतः पत्र लिहायचे असते, की ह्या कंपनीचे तुमच्याकडे किती पैसे आहेत, आणि बँकेने उत्तर थेट तपासनिसाला द्यायचे असते. इथे ते काम कंपनीवरच सोडलेले असे. पत्रे कंपनीने पाठवायची, उत्तरे कंपनीनेच आणून द्यायची. आणि ही एखाद्या दिवसाची गफलत नव्हती, ती पद्धतच पडून गेली होती. म्हणजे ज्याच्या डब्यात लाडू किती ते पाहायचे, त्यालाच विचारले, बाबा रे, लाडू किती? हैदराबादच्या न्यायालयाने २०१५ मध्ये दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत दोन हिशेबतपासनीस आहेत.

बरे, संचालक मंडळावर कोण होते? अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक कृष्ण पालेपू. कॉम्प्युटरची पेंटियम चिप करण्यात ज्यांचे नाव आहे ते विनोद धाम. भारत सरकारचे माजी कॅबिनेट सचिव. दिल्लीच्या आयआयटीचे माजी संचालक. आणि एक बाई, मंगलम श्रीनिवासन, मोठ्या विदुषी, सुरुवातीच्या वर्षांपासून त्या मंडळावर. एवढी शिकलेली माणसे एका टेबलाभोवती आपल्याला जमवता यायची नाहीत. २००८ च्या सप्टेंबरात तर कंपनी उत्तम आणि चोख कारभाराने चालवल्याबद्दल सत्यमला गोल्डन पीकॉक नावाचे पारितोषिक मिळाले होते. साडेतीन महिन्यांनी त्यांना ते परत घ्यावे लागले.

मेटासचा ठराव आला तेव्हा त्या बैठकीत काही जणांनी शंका काढल्या. पण ठराव झाला तो एकमताने. नाताळच्या सुमारास पहिला राजीनामा आला तो मंगलमबाईंचा. त्यांनी त्यात लिहिले की, मी शंका बोलून दाखवल्या होत्या, परंतु विरोधी मत दिले नाही, ह्याची नैतिक जबाबदारी माझी आहे. त्यांच्या मागून आणखी तिघांनी राजीनामे दिले.

भगिनींनो, ह्या बाईंचा मी पुष्कळ विचार केला. शंका आली, ती बोलूनही दाखवली, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर केला. असे का होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कार्य चांगले चाललेले असते, समोरचा माणूस सालस असतो, इतक्या वर्षांचा घरोबा असतो. मीच एकटी कशाला वाकडे बोलू, असे वाटते. बोललो तर म्हणतील, हिचा विश्वास नाही. शंका बोलणे आणि ‘नाही’ म्हणणे ह्यांच्यात एक पायरी आहे, आणि ती पायरी हार्वर्डलाही चुकत नाही.

कंपनीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण ते चांगले झाले. सरकारने जुने संचालक मंडळ काढून नवे नेमले. मुंबईचे दीपक पारेख, किरण कर्णिक आणि इतर काही जाणती माणसे त्यावर आली. त्यांनी आधी पगाराची तजवीज केली, गिऱ्हाइकांना धीर दिला आणि तीन महिन्यांत कंपनी विकायला काढली. एप्रिल २००९ मध्ये आपल्या पुण्याच्या टेक महिंद्रने शेअरला ५८ रुपये भाव देऊन ती घेतली. २०१३ मध्ये सत्यम त्यांच्यात मिसळून गेली. बुडालेल्या कंपनीतली माणसे रस्त्यावर येतात तशी ही आली नाहीत. १०८ ची संस्थाही दुसऱ्या उद्योगसमूहाने चालवायला घेतली, गाड्या बंद पडल्या नाहीत.

राजूंवरचा खटला हैदराबादच्या खास न्यायालयात चालला. ९ एप्रिल २०१५ रोजी त्यांना आणि बंधूंना सात वर्षांची सक्तमजुरी आणि कोट्यवधींचा दंड अशी शिक्षा झाली. त्याआधी त्यांनी अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलाच होता. महिन्याभरात वरच्या न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती शिक्षा तहकूब करून त्यांना जामिनावर सोडले. इतकी वर्षे आणि इतके कागद. आणि ज्यांचे निवृत्तीचे पैसे चाळीस रुपयांच्या भावाने गेले, त्यांना ह्या तारखांचा उपयोग काय, हे मला सांगता येत नाही.

देशाने मात्र एक धडा घेतला. २०१३ मध्ये कंपन्यांचा नवा कायदा झाला, त्यात मोठ्या कंपन्यांना एकच हिशेबतपासनीस पेढी वर्षानुवर्षे ठेवता येत नाही, ठरावीक मुदतीनंतर बदलावी लागते. त्याच कायद्याने बाजारात शेअर असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक तरी बाई असलीच पाहिजे असे ठरवले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण बाई तर सत्यममध्येही होती.

आता आपल्या घरचे बोलते. आपल्या मंडळाची वर्गणी आहे, हळदीकुंकवाचा निधी आहे, आणि सभागृहासाठी साठवलेली ठेव आहे. त्या ठेवीत धुणीभांडी करून दिलेले पैसे आहेत, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी आपल्यातल्या एका भगिनीने सहलीच्या खर्चाच्या पावत्या पाहायला मागितल्या. पावत्या होत्या, हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. तरी तिला जे बोलणे ऐकावे लागले, त्यानंतर ती मंडळात आलेली नाही. ती आज इथे नाही म्हणून मी हे मुद्दाम माईकवर बोलते आहे, आणि स्मरणिकेत छापून येणार आहे म्हणूनही. तिने काही वावगे केले नाही. आपल्या कोषाध्यक्षबाईंचा प्रामाणिकपणा मला माझ्या देवघराइतका खात्रीचा आहे, आणि म्हणूनच मी त्यांच्याकडे चार दिवसांपूर्वी गेले आणि हे सगळे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, वहीला कोणी हात लावला नाही की उद्या माझ्या मागे काही निघाले तर माझी बाजू कोण घेणार? मला तर उलट बरेच वाटेल.

तेव्हा अध्यक्षबाईंच्या परवानगीने माझे एक मागणे आहे. वर्षातून एकदा, कार्यकारिणीत नसलेल्या दोघींनी मंडळाचे पत्र घेऊन बँकेत जावे आणि खात्याचा व ठेवीचा उतारा बँकेच्या माणसाच्या हातून घ्यावा. कोषाध्यक्षबाईंनी तो आणून द्यायचा नाही, त्यांनी बरोबर जायचेही नाही. उतारा इथे फळ्यावर लावायचा. आणि त्या दोघींना ‘तुमचा विश्वास नाही का’ असे कोणी विचारायचे नाही. त्यांचे नाव मंडळाने काढले म्हणून त्या गेल्या, एवढेच. दरवर्षी जोडी वेगळी.

यंदाची जोडी आजच ठरवू या. मी घरून सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करून आणल्या आहेत, कार्यकारिणीची नावे त्यांत नाहीत. गेल्या वर्षीपासून न आलेल्या त्या भगिनीचे नाव आहे. ती सभासद आहे. डबा चिटणीसबाईंकडे देते. पुढच्या रांगेतल्या त्या लहान मुलीला वर पाठवा, तिच्या हाताने दोन चिठ्ठ्या काढू.